त्या पराभवानंतरचे वर्षही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च महिना आला की आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलची एखादी बातमी येते आणि धक्कादायक निकालांच्या चौकटीत व्हर्जिनिया विद्यापीठाचे नाव हमखास असते. १६ मार्च २०१८, शार्लट : यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४. यूएमबीसी म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. चौकट तिथेच संपते. माझी तक्रार या संपण्याबद्दल आहे.

तो निकाल अभूतपूर्व होता, यात वाद नाही. पुरुषांच्या या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत (एनसीएए) अव्वल मानांकित संघ सोळाव्या, म्हणजे गटातल्या सर्वांत शेवटच्या, मानांकिताकडून त्याआधी कधीच हरला नव्हता. १३५ सामने झाले, १३५ वेळा अव्वल संघच जिंकला. व्हर्जिनिया तर ३१ विजय आणि फक्त दोन पराभव घेऊन आलेला, सगळ्या संघांत पहिला. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती, नंतर सगळेच कोसळले. त्यांचा डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता, पण वीस गुणांच्या पराभवाला ते कारण पुरत नाही.

मी शाळेत तीस वर्षे मुलांना बास्केटबॉल शिकवले. इतक्या वाईट हरलेल्या संघाचे पुढे काय होते, ते मी पाहिले आहे. मुले सरावाला यायची बंद होतात, एकमेकांची तोंडे चुकवतात. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी तो पराभव लपवला नाही. संघातल्या काइल गायने त्या रात्रीचा फोटो आपल्या मोबाइलवर लावून ठेवला आणि मनातल्या चिंतेविषयी जाहीरपणे लिहिले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला हे सोपे नसते.

खेळण्याची पद्धतही त्यांनी सोडली नाही. बेनेट यांच्या वडिलांनी घडवलेला तो ‘पॅक लाइन’ बचाव : सगळ्यांनी आत दाटून उभे राहायचे, बास्केटकडे घुसायला वाट द्यायची नाही आणि आपल्या हातात चेंडू आला की घाई करायची नाही. अशा संथ खेळाने मोठी स्पर्धा जिंकता येत नाही, अशी टीका वर्षभर झाली.

पुढच्या मार्चमध्ये पहिलाच सामना पुन्हा सोळाव्या मानांकिताशी, गार्डनर-वेबशी. पहिल्या सत्रात व्हर्जिनिया चौदा गुणांनी मागे! मी टीव्हीसमोरून उठून गेलो होतो, ते आजही आठवते. ७१-५६ असा तो सामना त्यांनी जिंकला.

त्याच स्पर्धेत पुढे झालेल्या पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यातले शेवटचे सहा सेकंद मी आजही मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. दोन गुणांनी मागे असताना व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा फ्री थ्रो हुकला. मामादी डियाकिटेने उडी मारून चेंडू मागे टोलवला, तो थेट आपल्याच अर्ध्यात गेला. संघातला बुटका, पहिल्या वर्षाचा किहेई क्लार्क धावत जाऊन तो पकडतो आणि स्वतः लांबून फेकण्याऐवजी डियाकिटेला पास देतो. चेंडू हातातून सुटला आणि बझर वाजला. बरोबरी, मग ओव्हरटाइममध्ये ८०-७५. घाई न करायची सवय या पोरांच्या अंगात इतकी मुरली होती.

उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना गायने तीनही फ्री थ्रो टाकले आणि ६३-६२ असा विजय मिळाला. त्याच्या काही क्षण आधी जेरोमचे डबल ड्रिबल (चेंडू टप्पे मारत नेणे थांबवून पुन्हा सुरू करण्याची चूक) पंचांच्या नजरेतून सुटले, हेही लिहायला हवे. ऑबर्नच्या चाहत्यांचा राग रास्त आहे.

अंतिम सामन्यात ६८-६८ अशी बरोबरी साधणारी तीन गुणांची बास्केट हंटरची. आदल्या वर्षी बाकावर बसावे लागलेल्या या खेळाडूने त्या रात्री २७ गुण केले. ३५ विजय, ३ पराभव आणि विद्यापीठाचे पहिले विजेतेपद, असा तो हंगाम. ज्यांच्या यूएमबीसीने शार्लटला त्यांना हरवले, ते रायन ओडम २०२५ मध्ये व्हर्जिनियाचेच प्रशिक्षक झाले.

गेल्या वर्षी आमच्या शाळेची मुले पहिल्याच सामन्यात दणकून हरली आणि दोघांनी येणे थांबवले. त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना हाच हंगाम सांगितला. एक परत आला. दुसऱ्याची आई म्हणाली, ‘सर, पेपरात तर ते हरल्याचंच येतं.’

म्हणून विनंती एवढीच, की येत्या मार्चमध्ये ती चौकट छापाल तेव्हा खाली आणखी एक ओळ घाला. ८ एप्रिल २०१९, मिनिआपोलिस : व्हर्जिनिया ८५, टेक्सास टेक ७७.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली