लाईट बिलाला देणगी कोण देतं?

मा. संपादक,

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका कॉलेजला देणगीतून नवी कमान मिळाल्याची बातमी तुमच्या पेपरात फोटोसकट आली. आनंद आहे. पण मी २९ वर्षं एका छोट्या आर्ट्स कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला काढलीत, त्यामुळे कमान दिसली की माझ्या डोक्यात आधी येतं ते हे की तिच्यावरच्या दिव्यांचं बिल कोण भरणार.

माझी पुतणी अमेरिकेत व्हर्जिनियात असते, तिच्यामुळे मला तिथल्या स्वीट ब्रायर कॉलेजची गोष्ट कळली आणि मग मी नाद लागल्यासारखं त्यावर वाचत बसलो. फक्त मुलींचं छोटं कॉलेज, १९०१ सालचं. इंडियाना फ्लेचर विल्यम्स नावाच्या बाईंची एकुलती एक मुलगी डेझी १६ व्या वर्षी गेली, तिच्या आठवणीत बाईंनी मृत्युपत्रात सगळी इस्टेट मुलींची शाळा काढायला लिहून दिली, तेच हे कॉलेज. तर २०१५ च्या ३ मार्चला तिथल्या संचालकांनी अचानक जाहीर केलं की ऑगस्टमध्ये कॉलेज बंद. मुली कमी झाल्या, आणि ज्या येतात त्यांना फीमध्ये भरमसाठ सवलत द्यावी लागते. तिकडे छापील फी वेगळी आणि प्रत्यक्ष हातात पडणारी वेगळी, दहा-पंधरा मुलींच्या वर्गाचा खर्च फीतून निघतच नाही.

आता गंमत बघा, त्यांच्याकडे देणग्यांचा फंड होता साधारण ८ कोटी ४० लाख डॉलरचा! मग बंद कशाला? तर त्या फंडाला आपल्या एफडीसारखं मोडायचं नसतं, वर्षाला चार-पाच टक्केच वापरायचे, आणि त्यातल्या बऱ्याच पैशाला देणाऱ्याने अट घातलेली, अमुक स्कॉलरशिप, तमुक विषय. म्हणजे कोठीत धान्य आहे पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. मला हे वाचून हसूच आलं कारण आमच्याकडे पण एका खात्यात बक्षिसांचे पैसे पडून असायचे आणि तासिकावाल्या प्राध्यापकांचं मानधन सहा सहा महिने थकायचं.

माजी विद्यार्थिनी मात्र गप्प बसल्या नाहीत. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सरकारी वकिलांनी केस टाकली आणि या माजी विद्यार्थिनींनी संस्था काढून पैसा उभा केला. जूनमध्ये तडजोड झाली, १ कोटी २० लाख डॉलर या बायकांनी द्यायचे, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (सरकारच्या मुख्य वकिलांनी) फंडातल्या १ कोटी ६० लाख डॉलरवरच्या अटी सैल करायला मान्यता द्यायची. माझ्या मते खरी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे. कॉलेज आजही चालू आहे.

अट कधी कामाला येते हेही खरं, मृत्युपत्रात मुलींसाठी शाळा कायम चालवा असं होतं म्हणूनच कोर्टात उभं राहता आलं. पण त्याच मृत्युपत्रात शाळा फक्त गोऱ्या मुलींसाठी असंही होतं, ते काढायला १९६० च्या दशकात कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आपल्याकडे मोठी देणगी नवीन नाही, महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख दिले, विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव दिलं गेलं, त्यात गैर काही नाही. पण तालुक्याच्या आर्ट्स कॉलेजला ठाकरसी कुठून मिळणार? त्याला हवेत दरवर्षी हजार-दोन हजार देणारे दोनशे माजी विद्यार्थी, आणि ते पैसे लायब्ररीला वापरा की झाडूला, हे कॉलेजला ठरवू देणारे. (देणगीवरची ८०जी ची इन्कम टॅक्स सवलत नव्या टॅक्स रिजीममध्ये मिळत नाही, त्यामुळे देणगी द्यायला ते कारण पण आता फारसं उरलं नाही म्हणा.)

रिटायर झाल्यावर मी माझ्या जुन्या कॉलेजात पाच हजारांचा चेक घेऊन गेलो, म्हटलं लाईट बिलाला घाला. क्लार्क पोरगा नवीन होता, त्याने पावती फाडली आणि विचारलं, "सर, पाटी कुठे लावायची?"

– एक निवृत्त अकाउंटंट, जि. सांगली