वाड्यावरचं बोलणंचालणं बंद करू नका

मा. संपादक,

आपल्या गोव्यात २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपात गेले, २०२२ च्या सप्टेंबरात परत ११ पैकी ८, आता पुढे कोण कुठे असेल काही सांगता येत नाही, पण त्यावरून वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो याचं फार वाईट वाटतं. रात्री आजाऱ्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायला गाडी शेजारीच काढतो ना! आमच्याकडे बायकांनी व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, एकट्या म्हाताऱ्यांकडे आज कोण जाणार, औषध कोण आणणार ते त्यात ठरतं, पक्षाचं काही टाकायचं नाही एवढाच नियम. ग्रामसभेलाही असंच मिळून या, डोंगरकापणी, पाणी, जमिनीचं रूपांतर सगळं तिथे मांडा, आणि ठराव इतिवृत्तात आला का ते पुढच्या सभेत नक्की बघा.

– एक वाचक, डिचोली तालुका