आईला सूचना देण्याआधी : वर्तनबदलाच्या मार्गदर्शिकेबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

माता व बाल आरोग्य आणि पोषण या विषयावर वर्तनबदलाच्या मार्गदर्शक सूचना तयार करण्याचे काम आपल्या खात्याने हाती घेतले आहे. मी आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाचे काम करते आणि अशा सूचना कागदावरून घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचताना त्यांचे काय होते, हे मी जवळून पाहते. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट मांडायची आहे. मार्गदर्शिकेत अपेक्षित असलेल्या प्रत्येक वर्तनासमोर, ते आज का घडत नाही आणि तो अडथळा दूर करण्याची जबाबदारी कोणत्या पदावरील व्यक्तीची आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. जिथे हे लिहिता येत नाही, तिथे ती सूचना अजून छापण्याच्या अवस्थेला आलेली नाही असे समजावे.

काय करावे याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान, पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, सहा महिने पूर्ण होताच पूरक आहार आणि त्यासोबत दोन वर्षे किंवा त्यापुढेही स्तनपान. गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली चारवरून आठवर नेलेल्या प्रसूतिपूर्व भेटी. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाच्या रोजच्या आहारात आठपैकी निदान पाच अन्नगट. ही यादी कोणत्याही देशाच्या पुस्तिकेत थोड्याफार फरकाने सापडते आणि बहुतेक आरोग्यसेविकांना ती तोंडपाठ असते. इतकेच काय, बऱ्याच मातांनाही ती ऐकून माहीत असते. नव्या मार्गदर्शिकेची पाने हीच यादी पुन्हा सुबकपणे मांडण्यात खर्ची पडणार असतील, तर ती न काढलेली बरी.

अडते कुठे, याचे एक उदाहरण थोडे सविस्तर मांडते. ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ ही सूचना सर्वांत जास्त वेळा दिली जाते आणि ती मोडण्याचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण म्हणजे ‘दूध पुरत नाही’. हे वाक्य आरोग्यसेविकेच्या कानावर येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. प्रत्यक्षात घडते ते असे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगावर चीक असतो, तो थोडाच असतो आणि तेवढाच बाळाला पुरेसा असतो, पण दूध उतरलेच नाही असा घरातल्यांचा समज होतो. पुढे काही आठवड्यांनी बाळ संध्याकाळी तास-तासाला पिण्यासाठी रडू लागते, जे या वयात अगदी स्वाभाविक आहे, आणि घरातले कोणीतरी म्हणते, ‘भूक भागत नाही त्याची, वरचे दूध द्या.’ त्या क्षणी आईला सहा महिन्यांचा नियम आठवतोही, पण तो तिच्या उपयोगाचा नसतो. तिला हवे असते कोणीतरी शेजारी बसून बाळ स्तन नीट तोंडात घेते आहे का, नुसते बोंडच चोखते आहे का, हे पाहणारे. पहिला आठवडा सरल्यावर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा बाळाला लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे, हे तिला आणि तिच्या सासूलाही दाखवून देणारे. वरचे दूध सुरू झाले की बाळ अंगावर कमी पिते, कमी प्यायल्याने दूध कमी बनते, आणि आठवडाभरात ‘दूध पुरत नाही’ ही भीती खरी ठरते. म्हणून या एका वर्तनासाठी मार्गदर्शिकेत काय लिहावे लागेल? प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यात घरभेट कोण देईल, स्तनपान प्रत्यक्ष पाहण्याचे शिक्षण त्या व्यक्तीला कोण देईल, आणि तिला त्या घरी अर्धा तास बसता यावे म्हणून तिच्याकडची कोणती नोंदवही कमी केली जाईल. यातला तिसरा प्रश्न कोणत्याही मसुद्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. त्या घेतल्यावर मळमळते, बद्धकोष्ठता होते, शौच काळी होते. काळ्या रंगाने घाबरून जाण्याचे कारण नसते, पण हे आधी कोणी सांगितलेले नसेल तर घाबरणे साहजिक आहे. मग गोळ्या डब्यात साठत जातात, पुढच्या तपासणीला ‘घेते’ असे उत्तर येते आणि नोंदवहीत टिकमार्क होते. शिवाय केंद्रातच गोळ्यांचा साठा संपलेला असेल तर आपण कोणाचे वर्तन बदलणार आहोत? साठा वेळेवर मागवणे आणि पोहोचवणे हेही एक वर्तनच आहे आणि ते आईच्या हातात नाही.

संशोधनाचा कल पाहिला तरी हेच दिसते. उत्तर प्रदेशातील शिवगड येथे झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बाळाला उबदार ठेवणे, नाळेची स्वच्छ काळजी, स्तनपान अशा साध्या गोष्टींवर भर होता, आणि तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ५४ टक्क्यांनी कमी आढळला. तिथे आधी लोकांच्या समजुती आणि रोजचे व्यवहार समजून घेतले गेले आणि गरोदर स्त्रीबरोबरच सासू, नवरा आणि गावातली वजनदार माणसेही कार्यक्रमात धरली गेली. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या गटांनी एकत्र बसून आपापल्या अडचणी ओळखल्या आणि त्यांवर स्वतःच उपाय ठरवले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ३० टक्क्यांनी कमी दिसला. बांगलादेशात २०१० ते २०१४ या काळात ज्या भागांत वारंवार घरभेटी, जनमाध्यमे, गावपातळीवरचे काम आणि कार्यकर्तींना कामगिरीनुसार मोबदला हे सारे एकत्र आले, तिथे निव्वळ स्तनपानाचे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेले. नेहमीच्या पद्धतीने समुपदेशन चालू राहिलेल्या भागांत ते जवळपास होते तिथेच राहिले. ‘आम्ही समुपदेशन करतोच’ हे उत्तर आपल्याला बैठकांत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळेल, तेव्हा या दुसऱ्या भागांतल्या न हललेल्या आकड्याची आठवण ठेवावी, ही विनंती.

आणखी एक अभ्यास मुद्दाम सांगते, कारण तो अर्थखात्याशी बोलताना उपयोगी पडेल. बांगलादेशातच गरीब कुटुंबांतील मातांना काही ठिकाणी नुसती रोख रक्कम दिली गेली, तर काही ठिकाणी रोख रकमेबरोबर पोषणाविषयी नियमित गटचर्चा आणि घरभेटी झाल्या. मुलांची वाढ खुंटण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात सुमारे सात टक्के अंकांनी घटले. नुसत्या रोख रकमेने तसा परिणाम दिसला नाही. पैसा हाती असला की सवयी आपोआप बदलतात असे मानणाऱ्यांना हे उत्तर आहे. मात्र याचा उलटा अर्थ काढून पैशाशिवाय नुसत्या चर्चेवर भागवता येईल, असे कोणी सुचवले तर ते मान्य करू नये. पाच अन्नगटांपैकी दोनच परवडणाऱ्या घरात आहारातील विविधतेवर दिलेले व्याख्यान म्हणजे जखमेवर मीठ आहे.

ज्या वर्तनांचा उल्लेख अशा दस्तऐवजांत क्वचितच येतो, त्यांत नोकरी देणाऱ्यांचे आणि बाळाच्या दुधाची पावडर विकणाऱ्यांचे वर्तन अग्रभागी आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या विपणनाविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली स्वीकारली. नवमातांना मोफत नमुने वाटण्याला आणि या उत्पादनांच्या जनतेसाठीच्या जाहिरातींना त्या संहितेत मनाई आहे. प्रसूतिकक्षात संहिता पाळली जाते की नाही हे कोण तपासणार, हे मार्गदर्शिकेत आले पाहिजे. नाहीतर आपण आईला एक सांगू आणि तिच्या मोबाइलवरची जाहिरात दुसरेच सांगत राहील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि कामाच्या वेळेत स्तनपानासाठी सवलत आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा स्वतःचा छोटा व्यवसाय असणाऱ्या स्त्रीपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही, आणि सहा महिन्यांची सूचना तर तिलाही तशीच्या तशी दिली जाते.

आता कार्यपद्धतीविषयी. मसुदा तज्ज्ञांच्या समितीत तयार होईल हे ठीकच आहे, पण तो छापण्याआधी घरांमध्ये वापरून पाहावा. याची एक चांगली रीत आहे. कुटुंबाशी बोलून त्यांच्या परिस्थितीत शक्य असे दोन-तीन छोटे बदल सुचवायचे, त्यांतला एक आईने स्वतः निवडायचा, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन तो जमला का, कुठे अडला, तिने त्यात स्वतःहून काय फेरफार केला, हे विचारायचे. ‘बाळाला पौष्टिक आहार द्या’ हे वाक्य या कसोटीवर लगेच नापास होते, कारण त्यावर आईला करण्यासारखे काहीच नाही. ‘बाळासाठी वाढलेले अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट ठेवा’ हे वाक्य टिकते. ते करून पाहता येते आणि घरभेटीला आलेल्या सेविकेला डोळ्यांनी दिसते. अशी वाक्ये कमी निघतील. दहाच निघाली तरी चालतील. सेविकेच्या हातातला फ्लिपचार्ट जितका जाड, तितका तो उघडला जाण्याची शक्यता कमी, असा माझा तरी अनुभव आहे. (भित्तिपत्रकांबद्दल न बोलणेच बरे, त्यांवरची आई नेहमी हसतमुख आणि झोप पूर्ण झालेली असते.)

मोजमापाबद्दल थोडक्यात. किती सभा झाल्या, किती पत्रके वाटली, किती जणींना ‘संदेश दिला’ हे मोजून कार्यक्रम यशस्वी ठरवण्याची पद्धत या वेळी बंद व्हावी. मोजायचे तर वर्तन मोजावे, तेही सेविकेकडून नव्हे. जी व्यक्ती सल्ला देते तिच्याकडूनच निकालाचा आकडा मागितला, तर तो आकडा चांगलाच येतो. त्यात तिचा दोष नाही.

आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. मसुदा अंतिम होण्याआधी तो सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावा आणि सूचना पाठवायला पुरेसा अवधी द्यावा. मसुदा समितीत घरभेटी देणाऱ्या सेविकांना मताधिकारासह जागा द्यावी. निमंत्रित म्हणून बोलावून चहापानानंतर परत पाठवण्याची प्रथा पुरे. आणि प्रत्येक वर्तनापुढे जबाबदार पदाचे नाव लिहिण्याचा रकाना मसुद्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच असावा, म्हणजे कोणते रकाने कोरे राहतात ते आपल्याला आणि आम्हालाही वेळेत दिसेल.

आपली विश्वासू,
आरोग्यसेविकांची एक प्रशिक्षक