दारू सोडवतानाही माणूस जातो

संपादक महोदय,

'दारूने गेला' एवढे म्हटले की आपल्याकडे चौकशी संपते. तेराव्यापर्यंत तेच कारण सगळ्यांच्या तोंडी असते आणि घरच्यांनाही ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते. पण यातली काही माणसे पिण्याने जात नाहीत. ती जातात पिणे एकदम बंद केल्याने, किंवा घरच्यांनी, पोलिसांनी, कुठल्याशा 'केंद्रा'ने ते बंद पाडल्याने. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसन हा आजार आहे हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानावर आहे आणि भाषणात ते सगळेच म्हणतात. वागताना मात्र कोंडणे, बांधणे आणि फसवणे हेच तीन उपाय आठवतात.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोल म्हणून स्वतःला सतत तापलेला ठेवायला शिकतो. दारू अचानक काढली की गुंगी जाते आणि नुसते तापलेपण उरते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ती अशा माणसाला येते ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नसते. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्या दिवसापर्यंत सर्वांत मोठा धोका: ताप, धडधड, दिवस-रात्रीचे भान सुटणे, भिंतीवर किडे दिसणे, चादरीवरून काहीतरी वेचत राहणे. या अवस्थेला डॉक्टर 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचाराविना यात पूर्वी पंधरा ते पस्तीस टक्के रुग्ण दगावत. वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत येते. गावात याला 'बाहेरचे' म्हणतात. अंगारा लावून, खाटेला बांधून जे दोन दिवस घालवले जातात, नेमके तेच दोन दिवस रुग्णालयातले असायला हवेत.

हे प्रत्येक पिणाऱ्याला होत नाही. ज्याला सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून घ्यावी लागते, ज्याला पूर्वी एकदा बंद केल्यावर फिट आली होती किंवा भ्रम झाला होता, ज्याचे यकृत बिघडलेले आहे, त्याला धोका जास्त. अशा माणसाला उद्या सकाळी रुग्णालयात नेणार असाल, तर आज रात्री त्याची बाटली फोडू नका.

आपल्या पंचांगातही हा धोका बसलेला आहे. गटारीला मनसोक्त पिऊन श्रावणात एक थेंब नाही, ही अनेक घरांत कौतुकाची गोष्ट असते. कुणी माळ घालतो, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. कधीतरी पिणाऱ्याला हे निभते. रोज सकाळी लागणाऱ्याला श्रावणाचा तिसरा दिवस जड जातो. संकल्प जरूर करावा, पण त्याआधी डॉक्टरांकडे जावे. पोलीस कोठडीत आणि अपघात विभागातही हेच घडते. पायाचे हाड मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईनची नळी उपटून पळू लागतो आणि 'दारुड्या आहे, तमाशा करतोय' म्हणून त्याचे हात बांधले जातात. दाखल करताना 'पेशंट दारू पितो का?' असे विचारले, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे ऐकतील म्हणून नातेवाइकांनी 'कधीमधी, सणावाराला' असे सांगितलेले असते. रोज किती, किती वर्षे आणि शेवटची कधी घेतली, ही तीन उत्तरे खरी मिळाली तर डॉक्टर पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू करतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि यकृत खराब असेल तर लोराझेपाम, असे देऊन पाच-सात दिवसांत मात्रा कमी करत आणतात. या गोळ्या औषधाच्या दुकानातून स्वतः आणून देऊ नयेत. वर दारू घेतली गेली तर श्वास मंदावतो.

दुसरी चूक सलाईनची. 'अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा' असा हट्ट धरला जातो आणि गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोज असलेली बाटली लागते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आधीच आटलेले असते, कारण जेवण कमी आणि आतडेही ते नीट शोषत नाही. ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागते. उरलेसुरले त्यातच खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते: चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर नवी आठवण साठवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. मग लोक म्हणतात, दारूने डोके फिरले. म्हणून थायमिनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी. हे विचारायला नातेवाइकांनी संकोचू नये.

आता सर्वांत संतापजनक प्रकार. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात, लोकलच्या डब्यात असतात आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही असतात. पुडीत काय आहे ते लिहिलेले नसते. काही घरांत तर दारू सोडलेल्यांना देतात ती डायसल्फिरामची गोळीच कुटून वरणात किंवा ताकात मिसळली जाते. हे औषध चांगले आहे, पण ते रुग्णाच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासून, दारू पूर्ण उतरल्यावर द्यायचे असते. दारूपासून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे मोडणारे विकर (एन्झाइम) ते बंद पाडते. वर प्यायले की हे विष साचते: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली, आणि वाईट प्रसंगी हृदय थांबते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ज्याला गोळीची कल्पनाच नाही तो सवयीने पितो, आणि तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनाही नेमके काय झाले ते कळत नाही, कारण पुडी घालणारी आई किंवा बायको भीतीने गप्प असते. यातून वाचलाच, तर तो घरचे जेवण सोडतो. त्या माउलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला दुसरी वाट कुणी दाखवलेली नसते.

खासगी केंद्रांबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकार येतात. साखळीने बांधायला कायद्याची बंदी आहे, सक्तीने मुंडण करता येत नाही, आणि रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. रात्री गाडी पाठवून माणूस 'उचलून' नेणाऱ्यांना आधी नोंदणी क्रमांक विचारा. मग विचारा, पहिल्या चार रात्री डॉक्टर कोण असतो? उत्तर 'फोनवर असतात' असे आले तर परत फिरा.

ब्राउन शुगरची, म्हणजे हेरॉइनची, गोष्ट वेगळी. ती एकदम सुटल्याने होणारे हाल असह्य असतात, पण जीव सहसा जातो तो नंतर. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटलेल्याची सहनशक्ती काही आठवड्यांत उतरलेली असते आणि तो पूर्वीचीच मात्रा घेतो. म्हणून सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस फार सांभाळण्याचे, नेमके तेव्हाच घरचे 'आता सुधारला' म्हणून निश्चिंत होतात किंवा दारच उघडत नाहीत. माणूस हाकेला उठत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास मिनिटाला दहा-बाराच्या खाली किंवा घरघरता, तर १०८ ला फोन करा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. प्रतिसाद नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून, दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्या. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. मिठाचे पाणी, लिंबू, दूध, अंगावर बादली, चालवत नेणे, यांतले काही नको. नॅलोक्सोन या उताऱ्याचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते, पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासाचा. शुद्धीवर आला म्हणून घरी नेलेला माणूस पुन्हा बुडू शकतो. डॉक्टरांना पदार्थाचे खरे नाव सांगा. पोलिसांच्या भीतीने गाडी वळवणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे.

तीच भीती आत्महत्येच्या प्रयत्नानंतरही वेळ खाते. 'केस होईल' म्हणून आधी ओळखीच्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. रुग्णालय पोलिसांना कळवते हे खरे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम नाही, आणि २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ तर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरते. त्याची काळजी घेणे आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवते.

'पिऊन बडबडतोय, उतरली की विसरेल' हे वाक्य मात्र कुठल्याही कलमाने जाणार नाही. नशेत मनाचा लगाम सुटतो, दारू सोडल्यानंतरच्या आठवड्यांत उदासी दाटते आणि पुन्हा प्यायल्यावर शरमेने माणूस खचतो. तिन्ही वेळा धोका खरा असतो. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे थेट विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आले तर त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये, शेतीची औषधे घराबाहेर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ आहे.

आपल्याकडे मागणे दोनच. 'दारूच्या नशेत जीवन संपवले' असा मथळा आणि पद्धतीचे वर्णन प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या सूचनांत बसत नाही. ते टाळून बातमीखाली हे दोन क्रमांक छापावेत. आणि छोट्या जाहिरातींतली ती 'नकळत'ची चौकट उद्यापासून घेऊ नये.

— व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक आणि परिचारिका, सातारा