गांडूळ खताच्या पोत्यातले जिवाणू जिवंत आहेत का?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या शेती पुरवणीतला गांडूळ खतावरचा लेख वाचला. बेड कसा भरावा, सावली किती हवी, खत कधी काढावे, हे सगळे त्यात नीट आले आहे. एक वाक्य मात्र मनात राहिले: ‘गांडूळ शेण आणि पालापाचोळा खाते व त्याचे खत करते.’ कनिष्ठ महाविद्यालयात २७ वर्षे जीवशास्त्र शिकवताना हेच वाक्य मीही फळ्यावर लिहिले आहे. ते चूक नाही, पण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्यावर शेतकऱ्याचा पैसा अवलंबून असतो, म्हणून हे पत्र.

गांडुळाला दात नाहीत. गिळलेली माती पेषणीत जाते. ही जाड स्नायूंची पिशवी म्हणजे त्याचे जातेच. मातीतल्या वाळूच्या कणांवर पाचोळा तिथे दळला जातो. पुढे शरीरभर लांबलेले आतडे. बाहेरची जमीन कितीही भुसभुशीत आणि हवेशीर असली तरी या आतड्याच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे ओल भरपूर असते आणि आतड्याच्या सुरुवातीलाच गांडूळ स्वतःचा चिकट, साखर आणि प्रथिने असलेला स्राव मातीत मिसळते.

खरी गंमत इथून पुढे आहे. मातीतले बहुतेक जिवाणू एरवी उपाशी आणि निपचित पडलेले असतात. अन्न चार केसांच्या अंतरावर असले तरी तिथवर जाण्याची त्यांच्यात ताकद नसते. पॅट्रिक लाव्हेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने उष्ण कटिबंधातल्या गांडुळांवर काम करताना ही गोष्ट मांडली. गांडुळाच्या पोटात ओल मिळते, आयता गोड स्राव मिळतो आणि हे जिवाणू जागे होतात. कुंभकर्णाला उठवायला अन्नाचे ढीग रचले होते, तसेच हे. एकदा जागे झाले की ते स्रावावर थांबत नाहीत. गांडुळाला एकट्याने न पचणारा चिवट सेंद्रिय पदार्थ फोडायला लागतात. फोडलेल्यातले काही गांडूळ आतड्याच्या मागच्या भागात शोषून घेते, उरलेले जिवाणूंसह बाहेर पडते. गांडूळ स्वतःही काही पाचकरस तयार करते, पण मोठे काम या भागीदारीत होते.

हे जिवाणू गांडुळाला आईबापांकडून मिळालेले नसतात, बहुतेक सगळे खाल्लेल्या मातीतून आलेले असतात. वारशाने मिळणारा एक जिवाणू आहे, व्हर्मिनेफ्रोबॅक्टर. तो आतड्यात नव्हे, तर उत्सर्जनाच्या बारीक नळ्यांत राहतो आणि अंड्यांच्या कोषातून पुढच्या पिढीकडे जातो. आतड्यातले जिवाणू मात्र पाहुणे. ज्या मातीत जिवाणूच उरले नाहीत, तिथे गांडुळाकडे पाहुणे कुठून येणार?

हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी मुलाने ५ किलो गांडुळे विकत आणून द्राक्षबागेत सोडली. महिन्याभरात एकही दिसेना. तो मला म्हणाला, ‘आई, तुझी गांडुळं पळाली.’ पळाली नव्हती. ती आयसेनिया फेटिडा जातीची होती, शेणात आणि कुजत्या पाचोळ्यात राहणारी. उघड्या जमिनीत ती टिकत नाहीत. आणि ही बाग म्हणजे दरवर्षी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण, फवारलेली. मोरचुदातले तांबे पावसाने धुऊन जात नाही, मातीत साठत जाते आणि गांडुळांना ते सोसत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही त्यांना फार घातक आहे. डावणी या द्राक्षावरच्या रोगाच्या दिवसांत फवारणी टाळता येत नाही, हे मी रोज बघते. त्यासाठी कुणाला दोष देत नाही. पण आधी जमिनीत खायला काही हवे, मग गांडुळे. आता आम्ही छाटणीच्या काड्या बारीक करून दोन ओळींमध्ये पसरतो, पाचोळा जाळत नाही. यंदा पावसाळ्यात बांधालगत देशी गांडुळांच्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसले. ती कुणी विकत आणलेली नव्हती.

आता पोत्याबद्दल. घरचा बेड कमी पडला म्हणून गेल्या हंगामात दुकानातून गांडूळ खताची दोन पोती आणली. उघडल्यावर खत चहाच्या भुकटीसारखे कोरडे, हातातून वाऱ्यावर उडणारे. त्यातले १०० ग्रॅम तोलले, ओव्हनमध्ये मंद आचेवर पूर्ण वाळवले आणि पुन्हा तोलले. ९३ ग्रॅम भरले, म्हणजे ओलावा ७ टक्के. खत नियंत्रण आदेशात गांडूळ खतासाठी तो १५ ते २५ टक्के सांगितला आहे.

मग माझा जुना सूक्ष्मदर्शक काढला. बेडमधले एक गांडूळ रात्रभर ओल्या टिपकागदावर ठेवले. सकाळी कागदावर काळपट लेंड्या होत्या आणि रिकाम्या आतड्यामुळे गांडुळाचे अंग काचेसारखे दिसत होते. लेंडीचा कण पाण्याच्या थेंबात कालवून ४०० पट मोठा करून पाहिला. जागच्या जागी थरथरणारे कण मोजायचे नसतात, तसे तर धुळीचे कणही थरथरतात. पण मातीच्या कणांमधून वाट काढत, एका दिशेने पोहत जाणाऱ्या काड्या आणि ठिपके इतके होते की नजर ठरेना. पोत्यातल्या खताच्या थेंबात मी बराच वेळ डोळा लावून बसले. पोहणारे काही दिसले नाही.

वाळवल्याने सगळेच जिवाणू मरतात असे नाही. बीजाणू करून राहणारे तग धरतात आणि ओल मिळाली की पुन्हा वाढतात. पण नाजूक असलेले बरेच उन्हात संपतात. चाळायला सोपे जावे, वजन हलके व्हावे म्हणून खत कडक उन्हात पसरले जाते. गांडुळाने पोटात जागे केलेले जिवाणू आपण ताडपत्रीवर वाळवून घालवतो. मग उरते ते १ टक्का नत्र. तेवढ्यासाठी ४० किलोचे पोते वाहून आणण्यात काय हशील?

नियमातच एक उणीव आहे, असे मला वाटते. गांडूळ खतासाठी सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी किमान ०.८ टक्के, शिसे आणि कॅडमियम यांच्या कमाल मर्यादा, हे सगळे ठरलेले आहे. जिवंत जिवाणू किती हवेत, हा रकानाच नाही. त्याच आदेशात रायझोबियम या जिवाणू खताच्या भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. त्या पाकिटाची मुदत आपण दुकानात उलटून पाहतो. गांडूळ खताचे पोते मात्र वर्षभर पत्र्याच्या गोदामात पडून असले तरी कुणी विचारत नाही. कृषी खात्याने निदान खत काढल्याची तारीख पोत्यावर सक्तीची करावी आणि जिवाणूंच्या मोजणीचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट लेखात नव्हती, ती सांगायला हवी, कारण निव्वळ कौतुक करून चालणार नाही. गांडुळाच्या पोटातल्या त्याच प्राणवायूविरहित अंधारात काही जिवाणू नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड करतात, आणि हा वायू हवा तापवणारा आहे. जर्मनीतल्या बायरॉइटच्या संशोधकांनी १९९७ मध्ये जिवंत गांडुळांतून तो बाहेर पडताना मोजला. यात गांडुळाचा दोष नाही. पण युरियाच्या गोण्या ओतून जमिनीत नायट्रेट साठवत राहिलो तर याच जिवाणूंना त्याचा आयता कच्चा माल मिळतो.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ‘पोते घेताना काय पाहावे’ अशी लहानशी चौकट छापावी. मूठभर खत दाबून पाहावे: गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. पाण्याचा शिपका मारून वास घ्यावा: पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला हवा, तो जिवाणूंचाच असतो. आणि दुकानदाराला खत काढल्याची तारीख विचारावी. आमच्या भागात द्राक्षाची गोडी छाटणी (फळछाटणी) तोंडावर आली आहे, त्याआधी सगळे बागेत खत भरतील. चौकट या पंधरवड्यात आली तर उपयोग होईल.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
ता. निफाड, जि. नाशिक