अफगाण चर्चच्या भिंतीवर न मावलेली नावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कुलाब्याच्या नेव्हीनगरातील अफगाण चर्चच्या डागडुजीच्या बातम्या गेली काही वर्षे अधूनमधून वाचायला मिळतात. काम व्हायलाच हवे होते, त्याविषयी तक्रार नाही. पण या बातम्यांत दगड असतो, रंगीत काचा असतात, उंच मनोरा असतो, आणि अफगाण युद्धात पडलेल्या ज्या माणसांच्या आठवणीसाठी हे सगळे उभे केले त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. त्या दोन ओळीही बहुधा अर्धवट माहितीच्या. म्हणून हे पत्र.

नेहमी सांगितली जाते ती गोष्ट अशी: जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांची फौज काबूलहून माघारी निघाली, सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे बर्फात आणि खिंडींत मारले किंवा पकडले गेले, आणि १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन हा एकटा गोरा माणूस थकल्या घोड्यावर जलालाबादला पोचला. गोष्ट खरी आहे, चित्तथरारकही आहे. फक्त त्या माघारीतली फौज बंगालची होती. देशी पलटणी बंगाल आर्मीच्या, आणि सोबत गोऱ्यांची ४४वी पलटण. मग मुंबईकरांनी चर्च कोणासाठी बांधले?

उत्तर चर्चमधल्या लेखातच आहे. तिथे अफगाणिस्तानच्या आधी सिंधचे नाव येते. सर जॉन कीनच्या हाताखाली मुंबईची फौज समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरली, फेब्रुवारी १८३९ मध्ये कराची घेतली गेली, पुढे बोलन खिंडीतून कंदाहार, आणि २३ जुलैला गझनीचा किल्ला. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरात बलुचिस्तानातले कलात. मुंबई इलाख्याच्या १९व्या देशी पलटणीला गझनीचा रणसन्मान मिळाला. पुण्याचे घोडदळही या मोहिमेत होते. पुढे १८४३ मध्ये मियानी आणि हैदराबादच्या लढायांत जनरल चार्ल्स नेपियरने सिंध घेतला, तेव्हा त्याच्याकडे मुंबईच्या १२व्या आणि २५व्या देशी पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून भरती झालेली माणसे या पलटणींतून लढली. काबूलच्या बर्फापेक्षा बलुचिस्तानच्या उन्हाने त्यांचे जास्त बळी घेतले.

काहूनची हकिकत तर मराठी वाचकाला माहीत असायलाच हवी. बलुचिस्तानात मर्री टोळ्यांच्या मुलखातील हे एक लहानसे ठाणे. १८४० च्या उन्हाळ्यात कॅप्टन लुई ब्राउन आणि मुंबईच्या ५व्या देशी पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई तिथे अडकले. त्यांना सोडवायला निघालेली मेजर क्लिबॉर्नची तुकडी ३१ ऑगस्टला नफूस्कच्या घाटात अडली. तीत मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणींचे शिपाई होते. चढण उभी, ऊन जीवघेणे, पखाली रिकाम्या. दीडशेहून अधिक माणसे मेली, बरीचशी तहानेने. उरलेले मागे फिरले. काहूनमधल्या शिपायांनी मात्र सप्टेंबर संपत येईपर्यंत ठाणे सोडले नाही, आणि शेवटी मर्रींशी बोलणी करून हत्यारांसह बाहेर पडले. ती पलटण आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पूर्वज पलटणींपैकी एक. रेजिमेंटच्या रणसन्मानांत ‘काहून’ हे नाव आहे. अफगाण चर्चमध्ये उभे राहून काबूलची गोष्ट ऐकणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

आता त्या लेखाकडे येतो. वेदीच्या बाजूच्या भिंतींवर संगमरवरी फलकांवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. सोबतच्या मजकुरात म्हटले आहे की हे चर्च या अधिकाऱ्यांच्या स्मरणार्थ आहे, आणि आजाराने किंवा तलवारीने पडलेल्या त्या हवालदार, नाईक, शिपायांच्याही, ज्यांची संख्या इतकी मोठी की त्यांची अशी नोंद करता आली नाही. यात गोरे कोण, काळे कोण, हेही सांगितलेले नाही. शब्दांत सगळेच सामावतात म्हणायचे आणि पुढे जायचे.

न्याय्य बोलायचे तर हा प्रघात त्या काळी सगळीकडेच होता. इंग्लंडमधल्या गावोगावच्या पॅरिश चर्चमध्येही साध्या शिपायाचे नाव दगडावर क्वचितच येई. बोअर युद्ध आणि मग पहिले महायुद्ध झाले तेव्हा हे बदलले. १९१८ नंतर अनेक गावांनी तर ठरवून हुद्दे गाळले, जमीनदाराचा मुलगा आणि त्याचा गाडीवान आद्याक्षरांच्या क्रमाने एकाच यादीत आले. तेव्हा १८५८ च्या लोकांना २०२५ च्या मापाने मोजण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे.

पण ‘संख्या फार मोठी’ हे कारण मला पटत नाही, कारण मुंबई सरकारनेच चर्चच्या पायाभरणीआधी पाव शतक याच्या उलट करून दाखवले होते. भीमा कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली, आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली बावीस नावे ‘-नाक’ अशी संपणारी, म्हणजे महार शिपायांची. म्हणजे इच्छा असली की दगडावर जागा होत होती. काहून आणि नफूस्कच्या वेळी ती का झाली नाही, हा प्रश्न चर्चच्या भिंतीला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपल्याकडची गंमत म्हणजे हा प्रकार चर्चपुरता राहिला नाही. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अनेक गावांच्या चावडीवर, शाळेवर पहिल्या महायुद्धाचा संगमरवरी फलक दिसतो: या गावातून अमुक माणसे महायुद्धात गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. अपशिंगे मिलिटरी या गावच्या, त्या महायुद्धात पडलेल्या शेहेचाळीस जणांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण बहुतेक फलकांवर आकडाच असतो, नाव एकही नसते. २०२१ मध्ये युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान एक लाख सोळा हजार जणांची, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही, असे त्या अहवालाने मान्य केले. त्यांत आफ्रिकी, हिंदी, इजिप्ती माणसे होती. ज्या संस्थेचे तत्त्वच ‘मृत्यूनंतर सगळे समान’ असे होते तिने हे कबूल केले. कुलाब्याच्या चर्चने निदान तत्त्व तरी सांगितले नव्हते.

इमारतीविषयी थोडे, कारण तिच्यावर माझे प्रेम आहे. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. विहार तलावाच्या पाणी योजनेमुळे मुंबईकर ज्याचे पाणी प्याले तोच हा इंजिनिअर. आतली सजावट विल्यम बटरफिल्डची, रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. पायाभरणी १८४७ मध्ये, अभिषेक ७ जानेवारी १८५८ रोजी. मनोऱ्याचे टोक व्हायला १८६५ उजाडले; त्यासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने साडेसात हजार रुपये दिले. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून मनोरा दिसला पाहिजे, या अटीवर सरकारने जागा दिली होती. अभिषेकाची तारीख पुन्हा वाचा. त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते, ऑक्टोबर १८५७ मध्ये, याच शहरात एस्प्लनेडच्या मैदानावर दोन हिंदी शिपायांना तोफेच्या तोंडी दिले होते. अशा हवेत चर्चच्या भिंतीवर शिपायांची नावे कोरण्याचा आग्रह कोण धरणार? बंडाच्या त्या दिवसांनंतर गोरे सैनिक प्रार्थनेलाही बंदुका घेऊन येत, आणि इथल्या बाकांना त्या टेकवण्यासाठी खाचा ठेवल्या गेल्या. पाहुण्यांना त्या खाचा मोठ्या कौतुकाने दाखवतात.

डागडुजी करणाऱ्यांच्या कामाचे मोल मी जाणतो. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा दगडात मीठ भरतो, आणि पूर्वी कोणी सांध्यांत सिमेंट भरले असेल तर ओल बाहेर न येता दगडच सुटायला लागतो. म्हणून जुन्या इमारतीला चुनाच लागतो. रंगीत काचांच्या शिशाच्या पट्ट्या कालांतराने वाकतात, काच एकेक करून उतरवावी लागते. स्मारकाच्या फलकांना तर सगळ्यात जास्त धोका उत्साहाचा. ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासलेला संगमरवर दोन दिवस चकाकतो आणि अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. ब्रिटनमध्ये १९९७ पासून फक्त युद्धस्मारकांसाठी काम करणारा वॉर मेमोरियल्स ट्रस्ट आहे, तोही जपूनच साफ करा असे सांगतो. आपल्याकडे देवळांच्या मूर्तींवर आणि किल्ल्यांच्या शिलालेखांवर ऑइलपेंट फासणाऱ्यांना हे कोण सांगणार, ते असो.

माझी सूचना एवढीच आहे की मूळ फलकाला हात लावू नये. एक अक्षर वाढवू नये, एक खोडू नये. तो जसा आहे तसा राहणे हाच पुरावा आहे. त्याच्या जवळ, भिंतीत खिळा न ठोकता, वेगळ्या चौकटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक फलक असावा. त्यावर पलटणींची नावे असावीत: ५वी, १२वी, १९वी, २५वी, ग्रेनेडियर, पुण्याचे घोडदळ. काहून आणि नफूस्कची हकिकत चार ओळींत असावी. इंग्लंडमधील काही पॅरिश चर्चनी अलीकडे राहून गेलेली नावे अशीच, जुन्या दगडाशेजारी वेगळा दगड लावून जोडली आहेत.

‘परक्यांच्या साम्राज्यवादी युद्धाचे स्मारक, त्यावर आपण कशाला खर्च करायचा’, असे म्हणणारे भेटतात. युद्ध अन्यायाचे होते, यात मला शंका नाही. अफगाणांनी आणि सिंधच्या अमिरांनी कोणाचे काय बिघडवले होते? पण पगारासाठी पलटणीत गेलेल्या आणि नफूस्कच्या घाटात पाण्यासाठी तडफडून मेलेल्या माणसाने ते युद्ध पुकारले नव्हते. शिवाय त्याच्या धर्माला त्या वेदीपाशी जागा नव्हती आणि त्याच्या नावाला त्या भिंतीवर. त्याची आठवण ठेवली म्हणजे ते युद्ध पुकारणाऱ्या गव्हर्नर-जनरल ऑकलंडच्या धोरणाचा गौरव झाला असे होत नाही.

चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई धर्मप्रांताकडे आहे. त्यांनी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला एक पत्र लिहावे, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात एखाद्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला महिनाभर बसवावे. सगळी नावे मिळतील अशी आशा मी ठेवत नाही. दहा मिळाली तरी दहा लावावीत. फलकाच्या खर्चासाठी वर्गणी काढायची ठरली, तर माझे नाव त्या यादीत घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई