टिप ऐच्छिक आहे, तर तशी राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

टिप देणे ग्राहकाच्या मर्जीवर असते, हे कायद्याने मान्य केले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क परस्पर लावण्यास मनाई केली आणि मालकांच्या संघटनांनी त्याला दिलेले आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी फेटाळले. तरीही मुंबईतल्या काही उपाहारगृहांच्या बिलात जीएसटीच्या शेजारी ही रक्कम छापलेली असते, अनेकांना ती सरकारी करच वाटते आणि ज्यांना ठाऊक असते तेही पाहुण्यांदेखत हुज्जत नको म्हणून गप्प राहतात. ती वेटरच्या हाती पडते की नाही, हे मात्र बिल सांगत नाही. मला अधिक खटकते ते हेच.

पूर्वी उडुपी हॉटेलात बडीशेपेच्या बशीत ठेवलेली नोट थेट त्या माणसाला मिळत असे. आता क्यूआर कोडवरून सगळे पैसे मालकाच्या खात्यात जातात आणि खिशात सुटे पैसेही नसतात, त्यामुळे द्यायची इच्छा असूनही देणे राहून जाते.

टॅक्सीच्या अ‍ॅपवर याच्या उलट घडते. भर पावसात लोकल ठप्प झाल्यावर अंधेरीला अडकलेल्या माणसाला गाडी येण्याआधीच टिप जोडायला सांगितले, तर त्यात मर्जीचा भाग उरतो कुठे? ते वाढीव भाडेच होय, आणि ते भाडे म्हणूनच सांगितले पाहिजे. प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अशा आगाऊ टिपेबद्दल एका मोठ्या कंपनीला नोटीस बजावली, हे योग्यच झाले.

याचा अर्थ टिप देऊ नये, असा मुळीच नाही. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान संघीय वेतन १९९१ पासून ताशी अवघे २.१३ डॉलर आहे आणि उरलेले टिपेतून भरून निघेल असे तिथला कायदाच गृहीत धरतो. आपल्याकडे वेटरला पूर्ण किमान वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. पण घरोघर जेवण पोहोचवणारा मुलगा कंपनीच्या लेखी ‘भागीदार’ असल्याने त्याला तेही लागू होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी देण्याची तरतूद आहे आणि ती स्वागतार्ह आहे, मात्र तिने त्याचा रोजचा मेहनताना ठरत नाही. म्हणूनच विसाव्या मजल्यावर धापा टाकत आलेल्या मुलासमोर टिप नाकारणे आपल्या जिवावर येते आणि कंपनीने द्यायचे पैसे आपल्या संकोचातून वसूल होतात.

राज्य सरकारने या मुलांसाठी प्रत्येक फेरीचा किमान दर ठरवावा आणि डिजिटल टिप पूर्णपणे कामगारालाच मिळाल्याची नोंद ग्राहकाच्या पावतीवर सक्तीची करावी. वाचकांनीही बिलातले सेवाशुल्क काढायला सांगावे. नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई